सपाट केलेला ढीग

ऑइलपेंटचा वास आला की मला आजही मळमळतं. इतरांना म्हणे त्या वासानं दिवाळी आठवते, नवं घर आठवतं. मला आठवते आमच्या कॉलेजातली प्रयोगशाळा, काचेच्या टाकीला घातलेला झेंडूचा हार आणि पाण्याच्या तळाशी थापीनं सारखा केलेला चंदेरी थर. तो थर वाकून वाकून बघणाऱ्यांमध्ये एकही माणूस अडाणी नव्हता. सगळे शिकलेले, चष्मेवाले, इस्त्रीच्या कपड्यांतले होते.

कॉलेज परभणीच्या बाहेर, मोकळ्या माळावर. नाव सांगण्यात अर्थ नाही, आपल्याकडं अशी बरीच आहेत. मी तिथं मेकॅनिकलला शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभं असेपर्यंत मॅडम, सुट्या लागल्या की कुणीच नाही. असं जन्मभर लोंबकळत राहायचं नसेल तर पीएचडी हवी, म्हणून आमच्या विभागप्रमुखांच्याच हाताखाली मी ती करत होते. त्यांची सही झाली की माझा प्रबंध विद्यापीठात जाणार, सही नाही मिळाली तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि ते मला विसरू देत नसत.

माझा विषय ऐकून नातेवाईक हसायचे. 'अणुभट्टीतलं ताट' असं आई सांगायची विचारणाऱ्याला, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं. काही अणुभट्ट्यांमध्ये गाभा थंड ठेवायला पाणी वापरत नाहीत, वितळलेलं सोडियम वापरतात. तापलेल्या सोडियमला हवा लागली की ते पेट घेतं, आणि पाणी लागलं तर त्याहून वाईट. असली वस्तू घरात घ्यायची तर एक नको असलेला प्रश्न आधीच विचारून ठेवावा लागतो. सगळे उपाय फसले आणि गाभाच वितळला, तर तो जाईल कुठं? खालीच जाणार. सोडियममधून पडता पडता त्याच्या कण्या होणार. त्या भांड्याच्या तळाला लागायच्या आत झेलायला म्हणून मध्ये एक जाड पोलादी ताट ठेवतात. या कण्या विझलेल्या नसतात, आतून तापतच राहतात. ताटावर पातळ पसरल्या तर भोवतीचं सोडियम त्यांना निववतं. मधोमध ढीग झाला तर ढिगाच्या पोटात सोडियम पोचत नाही. मग तो पुन्हा वितळतो, ताट खातो, त्याखालचा भांड्याचा तळ खातो. पुढचं सांगायला नको.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावायला मला फार वेळ लागला नाही. त्यांची सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर गेली, दरवाज्यांना ग्रीस लावण्यात आणि साखळ्या तपासण्यात. धरणाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, बहुतेक काळ कोरडा असायचा, त्याच्या आसपास शेरडं चरायची. लहान असताना मी त्यांना विचारलं होतं, पाणी येतच नाही तर एवढं मोठं बांधकाम कशाला. "न्हाई आलं तर न्हाई आलं," ते म्हणाले होते. "पन आल्यावर बांधायला टाइम मिळंल का?" माझ्या प्रबंधाची पहिली दहा पानं लिहून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तेवढंच लिहिलंय, फक्त लांबण लावून.

आमच्या विभागप्रमुख सरांना मात्र 'अपघात' हा शब्दच सोसायचा नाही. प्रबंधाच्या नावातून तो त्यांनी काढायला लावला. "मॅडम, कशाला अभद्र लिहायचं? सुरक्षा लिहा. वाचणाऱ्याला बरं वाटतं." मी म्हणायचे, सर, गाभा वितळतो हे धरूनच तर आपलं काम सुरू होतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "सगळा कशाला वितळंल? थोडासा वितळला असं धरा की." जसं काही तो आमच्याशी बोलून मग वितळणार होता. हे बोलताना ते पेनच्या टोपणानं कान कोरायचे, टोपण डोळ्यांसमोर धरून न्याहाळायचे आणि त्याच पेननं माझ्या आकृत्यांवर खुणा करायचे. त्यांच्याकडून परत आलेले कागद मी दोन बोटांत कोपऱ्याला धरून घरी न्यायचे.

काम आम्हाला एका खाजगी डिझाईन कंपनीनं दिलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा भट्टीच्या आराखड्यातला एक छोटा तुकडा तिच्या वाट्याला आला होता, त्यातला त्याहून छोटा तुकडा आमच्या वाट्याला. ताटाचे दोन नमुने होते. एक साधं सपाट. दुसरं मधोमध फुगीर, उपड्या परातीसारखं. कण्या पडल्यावर कुठल्या ताटावर नीट पसरतात, एवढंच आम्ही बघून सांगायचं होतं. कंपनीचे लोक येऊन स्वतः बघणार होते आणि त्यावरून एक ताट पुढच्या कामाला जाणार होतं. एकदा ते गेलं की मागं वळायचं नाही, भट्टी त्याच ताटावर उभी राहणार. सपाट ताट आराखड्यात आधीच बसवलेलं होतं. फुगीर ताट घ्यायचं तर खाली जास्त जागा सोडावी लागते, भांडं उंच करावं लागतं, सगळी चित्रं नव्यानं काढावी लागतात. त्यामुळं सपाट ताट पास व्हावं अशी सगळ्यांची इच्छा होती, आणि सरांनी तर ते पासच आहे असं फोनवर सांगूनही टाकलं होतं, मी पहिला प्रयोग करायच्या आधी.

आम्हाला काही कुणी सोडियम आणि युरेनियम आणून देणार नव्हतं. आम्ही पाणी घेतलं, आणि पाणी उकळायच्या आधीच वितळतो असा एक मिश्रधातू. तो मी भगोन्यात वितळवायचे आणि नरसाळ्यातून काचेच्या खोल टाकीत ओतायचे. चर्र आवाज व्हायचा, पाण्यात एक चंदेरी झाड उलटं उगवल्यासारखं दिसायचं, मग कण्या खाली ताटावर बसायच्या. सपाट ताटावर दर वेळी ढीग पडायचा. हळू ओतलं तरी ढीग, भसकन ओतलं तरी ढीग, नरसाळं वर घेतलं तर जरा बसका ढीग. खळ्यावर धान्य वरून सोडलं की त्याची रास होते, चटई होत नाही, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. फुगीर ताटावर मात्र कण्या घरंगळून चौफेर जायच्या आणि कडेकडेनं पातळ बसायच्या. मला त्या दिवसांत फार बरं वाटायचं. पदार्थ आपल्याशी खोटं बोलत नाही, याचं एक सुख असतं.

पाहुणे सोमवारी येणार होते. शनिवारी मी सपाट ताटावर शेवटचं ओतलं आणि असा देखणा ढीग पडला की मी तो तसाच पाण्यात ठेवला. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावा म्हणून. काचेवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला, 'हात लावू नये.' आमच्या विभागाच्या शिपायांना, म्हणजे मामांनाही सांगितलं. मग रविवारी येलदरीला आईअप्पांकडं जाऊन आले.

आपल्याकडं कुणी मोठं माणूस यायचं म्हटलं की काय काय होतं, ते मला माहीत असायला हवं होतं. मी त्याच कॉलेजात शिकले होते. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो. खड्ड्यांवर मुरूम पडतो, जो पाहुण्यांच्याच गाडीनं उडून त्यांच्याच कपड्यांवर बसतो. मुलांच्या संडासांना कुलूप लागतं, म्हणजे ते घाण होत नाहीत. बंद पडलेल्या यंत्रांना रंग दिला जातो, आणि चालू यंत्रं बंद ठेवली जातात, कारण ती आवाज करतात. पाहुणे गेले की कुलपं निघतात आणि रंग उन्हात पोपडे धरतो. हे सगळं इतक्या मनापासून होतं की त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. पाव्हणा येणार म्हणून घर सारवलं, यात काय वाईट?

सोमवारी सकाळी येलदरीहून जिंतूरमार्गे एसटीनं कॉलेजात आले तर फाटकापासूनच रंगाचा वास. प्रयोगशाळेच्या भिंती छातीच्या उंचीपर्यंत ओल्या होत्या. ज्या कोपऱ्यात रंग द्यायचं काम संपलं होतं, तिथं कुणीतरी गुटख्याची पिचकारीही मारून ठेवली होती, ताज्या रंगावर ताजी. टाकीच्या लोखंडी सांगाड्याला निळा रंग, टाकीला झेंडूचा हार, समोर रांगोळी, फोडलेला नारळ. आणि ज्या भगोन्यात मी धातू वितळवायचे त्याच्या झाकणावर पेढे. त्या धातूत शिसं असतं, कॅडमियम असतं. विषावर ठेवून प्रसाद वाटणार होते. मी पेढ्यांचा खोका उचलून कचऱ्याच्या बादलीत टाकला. तेव्हा माझी नजर टाकीत गेली.

ढीग नव्हता. सगळ्या कण्या ताटभर एकसारख्या पसरलेल्या होत्या, कडेला काटकोनात कापल्यासारख्या. वरून स्वच्छ पाणी.

मामा मागं हसत उभे होते. त्यांच्या हातात गवंड्याची लाकडी थापी होती.

"मॅडम, लय वंगाळ दिसायलतं ते," ते म्हणाले. "मधीच ढिगारा. पाव्हणे काय म्हनतील? काल पानी काढलं, थापीनं सारखं केलं, नवं पानी भरलं. एक दाना वाया जाऊ दिला न्हाई."

"मामा, मी कागद लावला होता ना?"

"तो बी काढून ठिवलाय जपून. काचंवर बरा दिसत नव्हता."

त्यांच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता. त्यांनी घर सारवलं होतं. मी विचारलं, "सरांनी बघितलं का हे?"

"बगितलं की. बेस झालं म्हनले. फोटो बी काढले, धाडले बी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर त्यांच्या खोलीत नवा शर्ट घालून बसले होते. मी म्हणाले, सर, ढीग मोडलाय. त्यांनी मान डोलावली, जणू मी चांगली बातमी आणली होती. "मामांनी काय वाईट केलंय? टापटीप दिसायलंय."

"सर, तो ढीग हाच तर निकाल होता."

"निकाल आपण सांगू तो, मॅडम," ते म्हणाले. "त्यांना सपाट पाहिजे, आपल्याकडं सपाट हाय. तुमी कशाला डोक्याला ताप करून घेताय? प्रबंध आणा पुढच्या आठवड्यात, सही करून टाकू." इतका सोपा सौदा होता, आणि तो त्यांनी शर्टावरचा धागा तोडता तोडता केला. मला त्या क्षणी त्यांची शिसारी आली. राग त्याच्या आधी येऊन गेला होता. ही नंतरची गोष्ट होती, अंगावर पाल पडावी तशी.

पुन्हा धातू वितळवून ओतायला वेळ नव्हता. गाड्या फाटकात शिरत होत्या.

कंपनीचे तिघे आले होते. त्यांच्यातले दोघे तरुण, सतत फोनकडं बघणारे. तिसरे मोठे साहेब, पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. त्यांच्याशी मी आधी एकदा फोनवर बोलले होते आणि त्यांनी मला कण्यांच्या आकाराबद्दल असा नेमका प्रश्न विचारला होता की मला तो दिवसभर पुरला. या धंद्यात अजून कुणीतरी खरं माणूस आहे, असं मी तेव्हा आईला म्हणाले होते. त्यांच्या भरवशावर मी त्या सकाळी उभी होते.

शाली झाल्या, नारळ झाले, संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण झालं. मग सगळा घोळका टाकीशी आला. सरांनी काचेवर बोट ठेवलं. "बघा साहेब, कसं एकसारखं पसरलंय. आपोआप." तरुणांनी फोन काढून फोटो घेतले. अध्यक्ष वाकले आणि म्हणाले, "वा. गालिचाच."

मी काचेच्या बाजूनं बघत होते, तिथून थराची कड दिसत होती. थराच्या खाली, ताट आणि कण्यांच्या मध्ये, झेंडूची एक पाकळी दबलेली होती. कण्या वरून आपोआप पडल्या असत्या तर त्यांच्या आधी पाकळी तिथं जाऊन बसली नसती. शनिवारी मी ओतलं तेव्हा त्या खोलीत झेंडूच नव्हता; हार रविवारी आला, थापी फिरायच्या आधी.

"साहेब, हे आपोआप पसरलेलं नाही," मी म्हणाले. "ढीग पडला होता. काल तो हातानं सारखा केलाय. खाली पाकळी दिसतेय बघा."

मोठ्या साहेबांनी खरंच वाकून बघितलं. पाकळी त्यांना दिसली, मी त्यांचे डोळे बघत होते. सर हसले. "मॅडमचा आज उपास हाय. सोमवार धरतात. दुपारपर्यंत जरा असं होतं." दोघे तरुणही हसले. आणि अध्यक्ष म्हणाले, "चला, जेवण गार व्हायलंय."

ते निघाले. सगळेच. एका ताटात खोटं आहे हे ऐकून लोक दुसऱ्या ताटाकडं चालत गेले. मी अध्यक्षांना दोष देत नाही, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण ज्यांना कळत होतं तेही पायातल्या चपला बघत गेले. जेवणाच्या हॉलमधून पुरणपोळीचा आणि तुपाचा वास येत होता, आणि त्याच्याखाली ऑइलपेंटचा. मी तिकडं गेले नाही. मोरीशी जाऊन तोंड धुतलं आणि परत आले.

मग मी मामांना म्हणाले, टाकी रिकामी करा. त्यांनी मुकाट्यानं पाणी काढलं. मी सगळ्या कण्या गोळा केल्या, भगोन्यात घातल्या, खाली शेगडी पेटवली. या धातूचं एक बरं असतं, कितीदाही वितळवा, तो पूर्वीचं काही मनात ठेवत नाही. हार काढून फेकला. पाणी भरलं. आणि ओतलं. चर्र झालं, पाणी गढुळलं, निवळलं. मधोमध टोकदार ढीग. मामा जवळ येऊन बघत राहिले. "परत झालाच की हो," ते म्हणाले, थोडे नाराज होऊन.

मी हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी पुन्हा ओतलंय. येऊन बघा." पंगतीतले हात थांबले. एक सर तेवढे उठले.

ते जेवताजेवताच आले होते. उजवा हात खरकटा, बोटांना पुरण, मनगटापर्यंत तूप. टाकीशी येऊन त्यांनी ढीग बघितला. त्यांनी तो पहिल्यांदाच बघितला होता, इतक्या महिन्यांत. मला वाटलं, आता तरी. माणूस इंजिनीअर आहे, कधीतरी त्यालाही कुणीतरी शिकवलं असेल.

"मामा," ते म्हणाले, "सारखं करा."

मामांनी थापी उचलली, माझ्याकडं बघितलं. "मामा, हात लावायचा नाही," मी म्हणाले. त्यांनी थापी खाली ठेवली आणि ते भिंतीला जाऊन टेकले. ओल्या रंगाचा पट्टा त्यांच्या पाठीवर उमटला.

सरांनी बाही वर सरकवली. डाव्या हातानं काठाला धरलं आणि उजवा, खरकटा हात खांद्यापर्यंत टाकीत घातला. भातावर वरण कालवतात तसा त्यांनी तो ढीग कालवला. बोटांनी विसकटला, तळव्यानं दाबला, कडेपर्यंत लोटला. घाई नव्हती, लाज तर नव्हतीच. पाण्यावर तुपाचा तवंग फिरत होता आणि पुरणाचे पिवळे कण माझ्या कण्यांवर हळूहळू खाली उतरत होते. मी अनेक घाणी बघितल्यात, एसटी स्टँडवरच्या, सरकारी दवाखान्यातल्या. इतकं किळसवाणं मी काही बघितलेलं नाही.

"झालं," म्हणून त्यांनी हात बाहेर काढला. आणि तेव्हा आम्हाला दिसलं की मोठे साहेब दारात उभे आहेत. काडीनं दात कोरत. ते किती वेळ होते कोण जाणे, पण हात टाकीत असताना होते एवढं नक्की.

सरांच्या कोपरावरून पाणी गळत होतं. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ते मला म्हणाले, "पुन्हा ओताल, मॅडम?"

माझा जीव भांड्यात पडला. "ओतते," मी म्हणाले. "गाडी थांबू द्या."

मी आणि मामांनी पुन्हा सगळं केलं. टाकी घासली, तूप काढलं, कण्या गरम पाण्यात धुऊन घेतल्या. साहेब सगळा वेळ उभे राहिले. सर खुर्चीवर बसून रुमालानं नखांतल्या कण्या काढत होते. मी ओतलं. ढीग पडला. पुन्हा तसाच, मधोमध, टोकासकट. मी त्यांच्याकडं वळले. मला वाटतं मी हसत होते.

साहेबांनी वाकून ढीग नीट बघितला. मग म्हणाले, "आमच्याकडंही असाच पडला होता."

मला आधी कळलंच नाही. "तुमच्याकडं म्हणजे?"

"पुण्यात. आम्ही आधी केले होते हे प्रयोग. बरेच केले."

"मग आम्हाला कशाला दिलं?"

त्यांनी काडी खिशात ठेवली आणि चष्मा पुसला. आवाज तोच होता, फोनवरचा, हळू आणि नेमका. "वाटलं, लहान ठिकाणी दिलं तर कदाचित वेगळं निघेल," ते म्हणाले. "आणि सकाळी निघालंही होतं."

सरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. शाबासकी मिळालेल्या मुलाचा चेहरा होता तो.

"याचा फोटो नका काढू, मॅडम," जाता जाता साहेब म्हणाले. "सकाळचे आहेत आमच्याकडं."

सकाळपासून मला वाटत होतं की घाण या माळावर आहे. गेरूत, गुटख्यात, आमच्या सरांच्या नखांत. ती धुतलेल्या हातांनी, हळू आवाजात, पुण्याहून गाडीत बसून आली होती. सर निदान उघड्यावर खात होते. या माणसानं सगळं जाणून, कुठल्या गावचे लोक पाहुणा येणार म्हटलं की काय करतात याचा अंदाज बांधून, आम्हाला निवडलं होतं. आमच्या सारवण्यावर त्याची भट्टी उभी राहणार होती. आणि त्या भट्टीशेजारी कुठलंतरी गाव असेल, तिथंही शेरडं चरत असतील. मला त्या माणसाची किळस आली आणि ती अजून गेलेली नाही.

गाड्या गेल्यावर मामांनी विचारलं, "मॅडम, आता सारखं करू का?"

"नको," मी म्हणाले. "गणपतीवाल्याकडून प्लास्टर घेऊन या." पाणी हळूहळू काढलं, एक कणी हलू दिली नाही. मग ढिगावर पातळ प्लास्टर ओतलं आणि ते सुकेपर्यंत टाकीशी स्टूल टाकून बसून राहिले. संध्याकाळी सर दारात येऊन गेले. बघितलं आणि म्हणाले, "हे घेऊन प्रबंध आणला तर मी ओळखणार नाही तुमाला." मी म्हणाले, बरं. सही झाली नाही. मी कंपनीला कळवलं, कंपनीनं ज्यांचं काम घेतलं होतं त्यांनाही कळवलं, कुणी उत्तर दिलं नाही. सपाट ताट पुढं गेलं असं नंतर कानावर आलं. मी आता पाथरीला एका छोट्या संस्थेत ड्रॉइंग शिकवते, अजूनही तासिका तत्त्वावर.

तो ढीग ताटासकट येलदरीला आहे, घराच्या ओसरीवर. दगडासारखा घट्ट झालाय, वरून पांढरा, कडेनं कण्या चमकतात. परवा मला बघायला म्हणून पाहुणे यायचे होते, या वयातही येतात. आईनं अंगण झाडलं, खुर्च्या मांडल्या आणि तिला ते ओसरीवरचं ध्यान नको वाटलं. ती एक धुतलेली चादर घेऊन आली आणि तिनं ढिगावर टाकली. नीट ओढून, चारी बाजूंनी सारखी.

अप्पा दारात बसले होते. ते काठी टेकत उठले, ओसरीपर्यंत आले आणि त्यांनी चादर काढून आईच्या हातात दिली.

"राहू दे उघडं," ते म्हणाले. "पाव्हण्याला दिसू दे."